पाखरांच्या नोंदवहीत घातलं अख्खं आयुष्य : पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांची जीवनकहाणी

निफाड : द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी उरकली, कांद्याची रोपं लागणीला आली आणि पहाटे अंगावर काहीतरी घ्यावं लागायला लागलं, की नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर पाहुणे उतरतात. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, क्रौंच, पट्टकादंब, कधी रोहित. काळेभोर अंग आणि पांढऱ्या कपाळाचे वारकरी तर पाण्यावर दिंडी काढल्यासारखे दिसतात. सुट्टीच्या दिवशी चापडगावच्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. गळ्यात दुर्बिणी घातलेली माणसं बांधावर तासन्‌तास उभी राहतात. आपली म्हातारी माणसं विचारतात, ह्या पाखरांत एवढं बघण्यासारखं आहे तरी काय?

हा प्रश्न भारतात ज्या माणसामुळं लोकांना पडायला लागला, त्याचं नाव डॉ. सलीम अली. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची आणि १२ तारीख सलीम अलींच्या जन्माची. शाळेत त्या दिवशी फोटोला हार घातला जातो, मुलं भाषणं करतात. पण हा माणूस नेमका कोण होता, त्यानं काय केलं, आणि पाणथळाशेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्या लोकांशी त्याचा काय संबंध, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून ही त्यांची गोष्ट.

आईबापाविना पोर

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. घरात भावंडं पुष्कळ आणि सलीम सगळ्यांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी या पोरांना खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवलं. गांधीजींचे सहकारी अब्बास तय्यबजी हेही त्यांचे मामाच.

अमीरुद्दीन मामांना शिकारीचा नाद होता. त्यांनी भाच्याला छऱ्याची खेळण्यातली बंदूक आणून दिली. त्या काळी पोरांनी चिमण्या मारणं यात कुणाला वावगं वाटत नसे. दहा-बारा वर्षांचा सलीम चिमण्या मारायचा आणि त्या घरात शिजायच्या. एक दिवस पडलेली चिमणी त्यानं उचलली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी नव्हे हे त्याच्या लक्षात आलं. आता ही खायला चालते की नाही, असा प्रश्न त्या धार्मिक घरातल्या मुलाला पडला. त्यानं ती मामांना दाखवली. मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं.

ही संस्था १८८३ सालची. तिथं डब्ल्यू. एस. मिलार्ड नावाचे इंग्रज साहेब सचिव होते. गोऱ्या साहेबापुढं जायचं म्हणून पोरगं घाबरत घाबरतच गेलं. मिलार्ड साहेबांनी मात्र ती चिमणी नीट निरखली, ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे असं सांगितलं, आणि कपाटं उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी मुलाला दाखवले. पक्षी जतन कसा करायचा, त्याची नोंद कशी ठेवायची हेही शिकवायची तयारी दाखवली. भारतातल्या पक्षीशास्त्राची वाट त्या कपाटांपाशी सुरू झाली असं म्हटलं तरी चालेल. पुढं म्हातारपणी, १९८५ साली, सलीम अलींनी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याच्या नावातही ती पडलेली चिमणीच ठेवली.

धंदा बुडाला, नोकरी गेली

शाळेत हा विद्यार्थी काही हुशार वगैरे नव्हता. सततच्या डोकेदुखीमुळं शिक्षणात खंड पडला. कोरड्या हवेसाठी काही काळ सिंधमध्ये ठेवावं लागलं. १९१३ साली कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेजात मन रमेना, तेव्हा ते ब्रह्मदेशात तवॉयला गेले. तिथं कुटुंबाचा टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा भोवतालच्या जंगलातली पाखरंच त्यांना जास्त खुणावत.

१९१७ साली ते परत आले. हिशेब आणि व्यापारी कायदा शिकायला लागले. सेंट झेवियर्स कॉलेजातल्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा कल ओळखला आणि प्राणिशास्त्राकडं वळवलं. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. ब्रह्मदेशातला धंदा पुढं बुडाला आणि नोकरी शोधायची वेळ आली.

भारत सरकारच्या प्राणी सर्वेक्षण खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा होती. पण विद्यापीठाची पदवी नसल्यानं ती त्यांना मिळाली नाही. ज्या माणसाला पुढं तीन विद्यापीठांनी मानानं डॉक्टर केलं, त्याला एका कागदापायी नोकरी नाकारली गेली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली. पगार महिना ३५० रुपये. लोकांना काचेमागचे प्राणी-पक्षी समजावून सांगायचे, हे काम.

पण आपल्याला शास्त्र नीट येत नाही ही बोच होतीच. १९२८ साली रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान या मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. पक्ष्याच्या पायात कडी घालून त्याचा प्रवास कसा शोधायचा, हे हेलिगोलंड बेटावर त्यांनी पाहिलं. १९३० साली परत आले, तर पैसे नाहीत म्हणून म्युझियमनं त्यांची जागाच रद्द केलेली होती.

किहीमच्या सुगरणी

वय ३४, नोकरी नाही, मुंबईत राहायचं तर खर्च परवडत नाही. नवरा-बायको अलिबाग तालुक्यातल्या किहीमला येऊन राहिले. समुद्रकाठचं गाव, नारळीपोफळी, भातशेती. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. दुसरा कुणी असता तर नशिबाला दोष देत बसला असता. सलीम अलींनी झाडाजवळ आडोसा केला आणि पावसाळाभर त्या खोप्यांकडं बघत बसले. कुठला पक्षी कधी आला, कुठला खोपा किती विणून झाला, कोण कुणाबरोबर गेलं, सगळं वहीत.

बहिणाबाईंच्या कवितेमुळं सुगरण पक्षी मराठी घराघरात पोचलेला आहे. आपण तिला सुगरण म्हणतो, म्हणजे घर विणणारी मादी असं धरून चालतो. सलीम अलींच्या वहीनं वेगळंच सांगितलं. खोपा विणतो तो नर. अर्धा खोपा झाला की माद्या येऊन तपासून जातात. पसंत पडला तर एखादी तो घेते, मग नर खाली लोंबणारी नळी विणून खोपा पुरा करतो. ती आत अंडी घालून बसली, की हा बहाद्दर दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट बघतो. नापसंत पडलेले खोपे अर्धवटच लोंबत राहतात. आपल्या विहिरीवरच्या बाभळीला असे अर्धे खोपे आपणही लहानपणापासून बघितलेत, ते अर्धे का, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

१९३१ साली हा अभ्यास छापून आला आणि जगातल्या पक्षीतज्ज्ञांना सलीम अली हे नाव कळलं. त्यासाठी ना प्रयोगशाळा लागली ना अनुदान. वही, पेन्सिल, दुर्बीण आणि चिकाटी, एवढ्यावर हे काम झालं.

बैलगाडीतून भारतभर

त्यानंतर त्यांनी एक युक्ती केली. संस्थानिकांना कळवलं, की तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी मी करून देतो. मला पगार नको, फक्त तळाचा आणि प्रवासाचा खर्च द्या. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी संस्थानं तयार झाली. मग कधी बैलगाडी, कधी पायपीट, तंबूत मुक्काम, असं वर्षानुवर्षं चाललं. तेहमिना बरोबर असायच्या. इंग्लंडात शिकलेली, शहरी सुखात वाढलेली ही बाई जंगलातल्या तळावर संसार मांडून राहिली. १९३९ साली एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचं अचानक निधन झालं. सलीम अलींनी दुसरं लग्न केलं नाही. पुढं ते बहीण आणि मेहुण्याच्या घरी राहिले.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. सलीम अली आज ज्या अर्थानं पक्षीप्रेमी म्हणतात तसे नव्हते. अभ्यासासाठी त्यांनी पुष्कळ पक्षी बंदुकीनं मारले. नमुना हातात घेतल्याशिवाय जात नक्की ठरत नाही, अशी त्या काळातली रीत होती. शिकारीबद्दलही त्यांना तिटकारा नव्हता. बेबंद कत्तल मात्र त्यांना मान्य नव्हती. पक्षी शेतकऱ्याच्या किती किडी खातात, किती उंदीर संपवतात, याचा हिशेब लोकांपुढं मांडला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

१९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं सचित्र पुस्तक निघालं. तोवर पक्ष्यांची पुस्तकं म्हणजे साहेबांसाठी साहेबांनी लिहिलेली जाड बाडं. हे पुस्तक कुणालाही हातात घेऊन ओळखता येईल असं होतं. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. पुढं अमेरिकन पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्याबरोबर त्यांनी भारत-पाकिस्तानातल्या सगळ्या पक्ष्यांचा १० खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला, तेव्हा सलीम अलींचं वय ७८ च्या घरात होतं.

या गंभीर माणसाला एक तरुण पोरांसारखा नादही होता, मोटारसायकलींचा. एकामागून एक गाड्या त्यांनी वापरल्या. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षीतज्ज्ञांची जागतिक परिषद होती, तेव्हा आपली सनबीम मोटारसायकल त्यांनी बोटीतून युरोपात नेली आणि तिच्यावरूनच फिरले. वय तेव्हा ५३.

भरतपूरचं पाणी

आता येतो तो भाग, जो आपण पाणथळाकाठच्या लोकांनी नीट वाचायला पाहिजे.

राजस्थानात भरतपूर शहराला लागून केवलादेव नावाचं पाणथळ आहे. क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर. मूळची सखल जमीन. भरतपूरच्या जाट राजांच्या काळात अजान बंधारा झाला, पाणी अडलं, पुढं संस्थानानं पाट-बांध घालून त्याचं बदकांच्या शिकारीचं राखीव तळं केलं. म्हणजे नांदूरमध्यमेश्वरसारखंच, माणसाच्या हातानं झालेलं पाणथळ. मध्यभागी महादेवाचं देऊळ, त्यावरून नाव केवलादेव.

हिवाळ्यात तिथं बदकांचे थवे उतरत आणि व्हाइसरॉय, राजेरजवाडे बंदुका घेऊन येत. कुणी किती पक्षी मारले याचा हिशेब देवळाजवळच्या दगडावर कोरलेला आहे. सर्वांत मोठा आकडा लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीचा. एका दिवसात ४,२७३ पक्षी. तारीख होती १२ नोव्हेंबर १९३८. त्याच दिवशी सलीम अलींना ४२ वर्षं पुरी होत होती.

स्वातंत्र्यानंतर संस्थान गेलं. आजूबाजूच्या लोकांची मागणी आली, की राजाची शिकार आता संपली, तळ्याचं पाणी शेतीला द्या आणि जमीन लागवडीला मोकळी करा. ही मागणी काही चुकीची म्हणता येणार नाही. दुष्काळी मुलखात पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न आपल्याकडंही दर उन्हाळ्यात निघतो. सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंपर्यंत बाजू मांडली आणि तळं वाचलं. १९५६ साली पक्षी अभयारण्य जाहीर झालं. राजाचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालू राहिला.

सलीम अलींना या तळ्याचं मोल कळलं होतं ते अभ्यासातून. १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि माणसांना ताप यायला लागला. गोचिडीतून पसरणारा हा रोग. तसाच रोग रशियात होता. मग स्थलांतर करणारे पक्षी तो घेऊन येतात का, असा संशय आला. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं सोसायटीनं पक्षी पकडून त्यांच्या पायात कडी घालायचं मोठं काम हाती घेतलं. भरतपूर हे त्याचं एक मुख्य ठाणं.

पक्षी पकडायचे तर इजा न होता पकडायचे, ही विद्या पुस्तकात नव्हती. ती होती बिहारमधल्या मीरशिकार समाजाच्या फासेपारध्यांकडं. त्यांना सोबत घेतलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या पाखरं पकडून पोट भरणारी ही माणसं शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं राबली. हजारो पक्ष्यांच्या पायात क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेचं नाव असलेल्या कड्या चढल्या. मग दूर सायबेरियातून, मध्य आशियातून कड्यांचे क्रमांक परत कळायला लागले. आपल्या तळ्यात पोहणारं बदक हजारो किलोमीटर उडून येतं, हे अंदाजानं नव्हे तर पुराव्यानं सिद्ध झालं.

म्हशी बंद झाल्या, आणि पाखरं घटली

१९८१ साली केवलादेवला रामसर यादीत जागा मिळाली. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की कायद्यानं चराई बंद. भोवतालच्या गावांची गुरं, विशेषतः म्हशी, पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात चरत होत्या. म्हशींमुळं तळं खराब होतं, पक्ष्यांना त्रास होतो, असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत होतं. सलीम अलींचंही तेच मत होतं आणि त्यांनी बंदीला पाठिंबा दिला.

बंदी आली ती एकदम. चाऱ्याची दुसरी सोय नीट झालेली नव्हती. नोव्हेंबर १९८२ मध्ये गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि गावकऱ्यांचे जीव गेले. पाखरांसाठी राखलेल्या जागेच्या काठावर माणसं मेली. या इतिहासाकडं डोळेझाक करून सलीम अलींची गोष्ट पुरी होत नाही.

पुढं काय झालं ते आणखी महत्त्वाचं. १९८० पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं केवलादेवचा दहा वर्षांचा अभ्यास सुरू केला होता. म्हणजे बंदीच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही चित्र त्यात आलं. चराई बंद झाल्यावर पाण्यात पास्पॅलम नावाचं गवत माजलं. म्हशी आधी तेच खात होत्या. गवतानं उघडं पाणी झाकलं. बदकांना पोहायला, बुडी मारायला जागा उरेना, माशांवरही परिणाम झाला. वाळलेल्या गवतामुळं आगीचा धोका वाढला. पाणपक्ष्यांची संख्या कमी झाली. तज्ज्ञ ज्या म्हशींना शत्रू समजत होते, त्या फुकटात तळं साफ ठेवत होत्या, असा निष्कर्ष निघाला. पुढं गावकऱ्यांना आत जाऊन गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली.

हा अहवाल पुरा होण्याआधीच, २० जून १९८७ रोजी, सलीम अली मुंबईत वारले. वय ९० होतं, कर्करोगानं गाठलं होतं. त्यांनी ज्या संस्थेला आयुष्य दिलं, त्याच संस्थेच्या माणसांनी त्यांच्या मताविरुद्ध जाणारा निकाल लपवला नाही, तो छापला. बघा, लिहा, आणि जे दिसलं तेच सांगा, ही शिस्त सलीम अलींनीच लावलेली होती. किहीमच्या सुगरणीबद्दलचा समज याच शिस्तीनं मोडला होता. भरतपूरच्या म्हशींबद्दलचा समजही तिनंच मोडला, फक्त या वेळी तो समज खुद्द सलीम अलींचा होता. माणसांचे जीव गेल्यावर हे शहाणपण आलं, हे मात्र विसरता येत नाही.

मानसन्मान आणि मागं उरलेलं काम

सलीम अलींना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण मिळालं. १९८५ साली राज्यसभेवर नेमणूक झाली. परदेशी बक्षिसाचे पैसे त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीत घातले. केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज उठवला. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असं त्यांना वाटत होतं, तो मान १९६३ साली मोराला मिळाला. आज सोलापूरकडच्या माळरानावर माळढोक दिसणं किती दुर्मीळ झालं आहे ते बघितलं, की त्यांची काळजी कळते. गोव्यात चोडण बेटावरच्या खारफुटीत त्यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे. तमिळनाडूत कोइमतूरला १९९० साली त्यांच्या नावानं पक्षीशास्त्राची संस्था सुरू झाली.

भरतपूरची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथं उद्यानात सायकल रिक्षातून फिरवतात. रिक्षा ओढणाऱ्या माणसांना पक्षी ओळखायचं शिक्षण दिलं गेलं. आज ते पर्यटकांना पक्ष्यांची नावं, जागा, सवयी सांगतात आणि त्यावर घर चालवतात. पाखरं टिकली तर चूल पेटते, असं गणित जिथं बसलं तिथं राखणदार वेगळा नेमावा लागत नाही.

आपल्या नांदूरमध्यमेश्वरसाठी यातून काय घ्यायचं?

गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात धरण बांधलं गेलं. गाळ साठला, उथळ पाणी पसरलं, बेटं झाली, आणि पाखरांनी जागा हेरली. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत नाव आलं आणि महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ ठरलं. महाराष्ट्राचं भरतपूर ही त्याची ओळख सलीम अलींपासून चालत आली, असं आपल्याकडं सांगतात.

भरतपूर म्हणवून घ्यायचं, तर भरतपूरचा अनुभवही सोबत घ्यायला हवा. पाणी कधी सोडायचं, गाळ किती काढायचा, जलपर्णीचं काय करायचं, काठावरच्या शेतातलं औषध पाण्यात किती उतरतं, चराई कुठं चालेल आणि कुठं नाही, हे मुंबईत बसून किंवा नुसत्या भावनेनं ठरवता येत नाही. त्याला वर्षानुवर्षांची नोंद लागते. पाखरांनी पिकाचं नुकसान केलं तर तेही त्याच नोंदीत आलं पाहिजे. काठावरच्या शेतकऱ्याइतकं रोज पाणी बघणारा दुसरा कुणी नाही. त्यामुळं ही नोंद गावातल्या पोरांनी ठेवली तर उद्या कुठलाही नियम येण्याआधी आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडता येईल.

त्यासाठी फार काही लागत नाही. एक वही किंवा हातातला मोबाईल पुरे. तारीख, वेळ, जागा, पक्षी कोणता आणि साधारण किती, पाणी किती होतं, एवढं दर आठवड्याला लिहायचं. तीन-चार हिवाळे लिहिलं की त्या वहीला किंमत येते.

पाहायला जाणाऱ्यांसाठी थोडं :

• ऑक्टोबरअखेरपासून पाहुणे येऊ लागतात, डिसेंबर-जानेवारीत गर्दी सर्वांत जास्त असते आणि मार्चपर्यंत बहुतेक परततात.
• सूर्य उगवायच्या सुमाराला पोचा. ऊन चढलं की पाण्यावर चकाकी येते आणि पक्षीही दूर सरकतात.
• भडक कपडे, मोठा आवाज, गाडीचा हॉर्न टाळा. फोटोसाठी थवा उडवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला विश्रांती हवी असते.
• स्थानिक गाईड घ्या. ते पैसे आपल्याच गावात राहतात.
• मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडी सापडली तर तिचा फोटो काढा, क्रमांक, तारीख आणि जागा लिहून वनविभागाला कळवा. त्या एका क्रमांकावरून पाखराचा अख्खा प्रवास कळू शकतो. पक्षी जिवंत असेल तर पकडायला जाऊ नका, क्रमांक लांबून वाचता आला तरच टिपा.

येत्या १२ नोव्हेंबरला शाळेत सलीम अलींच्या फोटोला हार घातला जाईल. तो जरूर घालावा. त्याबरोबर प्रत्येक वर्गाला एक कोरी वहीही द्यावी आणि सकाळी सकाळी पोरांना पाण्यावर न्यावं.